पट्टा केव्हा बदलावा?

यंत्राचा एखादा भाग मोडला म्हणजे तो बदलावा लागतो. त्यात विचार करण्यासारखे फारसे काही नाही. विचार पडतो तो धडधाकट दिसणारा भाग बदलण्याची वेळ येते तेव्हा. मोटारीच्या एंजिनातील टायमिंग बेल्ट हे याचे उत्तम उदाहरण होय. तो काढावा तर पैसे वाया गेले असे वाटते आणि ठेवावा तर एखाद्या दिवशी रस्त्यातच सगळे एंजिन निकामी होण्याची धास्ती. हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला. परंतु त्याला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने बंगळूर शहरात लिहिली गेली आहेत.

पट्ट्यावर चालणारी यंत्रे आपल्याकडे नवी नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले व १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्या पिढीतील कोणत्याही कारखान्यात छताखालून एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून खाली उतरलेले कातडी पट्टे एकेका यंत्राला गती देत. हा कातडी पट्टा मोठा बोलका असे. ढिला पडला की घसरे, कुरकुरे, त्याला करपल्याचा वास येई. कारागीर त्याला राळ लावी, फारच सैलावला तर थोडा कापून पुन्हा सांधी. तो केव्हा बदलावा याचे वेळापत्रक कोणी भिंतीवर लावले नव्हते. रेल्वेच्या फलाटावर हातोडीने डब्यांची चाके वाजवीत जाणारा माणूस जुन्या प्रवाशांच्या स्मरणात असेल. त्याचाही सारा भरवसा कानावर होता. यंत्राने आधी तक्रार करावी आणि माणसाने ती ऐकावी, असा तो व्यवहार होता.

मोटारीच्या एंजिनातही बराच काळ हाच व्यवहार चालला. एंजिनात दट्ट्या खालीवर होतो, आणि हवा आत घेण्याच्या व धूर बाहेर सोडण्याच्या झडपा त्याच्या हालचालीशी मेळ राखून उघडतात व मिटतात. दट्ट्यांचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेरे करतो तेव्हा झडपांचा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, एक फेरा करतो. एंजिन मिनिटाला १,८०० फेरे करीत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला पंधरा वेळा उघडते. हा मेळ क्षणभरही चुकून चालत नाही. ॲम्बॅसेडर गाडीत, तशीच वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला बांधलेल्या फियाटमध्ये, तो राखण्याचे काम लोखंडी साखळीकडे होते. साखळी झिजली की खडखडे. टॅक्सीवाल्याला तो आवाज पाठ असे.

दातेरी रबरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत निघाला, आणि तोही मोटारीसाठी नव्हे, तर शिवणयंत्रासाठी. बव्हेरियातील हान्स ग्लास यांच्या कंपनीने १९६२ च्या सुमारास तो आपल्या छोट्या गाडीच्या एंजिनात बसविला; चार वर्षांनी फियाट व पाँटियॅक यांनीही तोच मार्ग धरला. या पट्ट्याचे गुण उघड होते. तो हलका, स्वस्त, निःशब्द, आणि त्याला तेल लागत नाही. आपल्या देशात तो सामान्य कुटुंबांच्या परिचयाचा झाला तो डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेल्या मारुती ८०० बरोबर. मात्र परिचयाचा हा शब्द जरा सैलच म्हटला पाहिजे. कारण हा पट्टा झाकणाआड असतो आणि बहुतेक मालकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

निःशब्दपणा हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा दोष. दात असल्यामुळे तो कातडी पट्ट्यासारखा घसरत नाही आणि रबरी असल्यामुळे साखळीसारखा खडखडत नाही. आतले काचतंतू थकतात, दातांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. बाहेर पत्ता नसतो. मग तो तुटतो. मुख्य दांडा गतीच्या भरात आणखी काही फेरे घेतो, झडपा मात्र असतील तेथे थबकतात, आणि वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो. काही एंजिनांत दोहोंमध्ये अंतर राखलेले असते, तेथे गाडी नुसती बंद पडते. डिझेल एंजिनात दाब मोठा लागत असल्याने तेवढी जागा सोडणे जमत नाही, म्हणून तेथे हानी जबर होते.

जे यंत्र बोलत नाही त्याचे वय मोजावे लागते. ही मोजण्याची विद्या विमानांनी वाढविली. आकाशात एंजिनाची तक्रार ऐकून गाडी कडेला घेण्याची सोय नाही, हे त्याचे कारण. बंगळुरास तिचे आगमन महायुद्धाच्या काळात झाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने २३ डिसेंबर १९४० रोजी येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. १९४३ मध्ये कारखान्याची व्यवस्था अमेरिकी हवाई दलाकडे गेली आणि पूर्वेकडील आघाडीवरील विमाने व त्यांची एंजिने दुरुस्तीसाठी येथे येऊ लागली. विमानाच्या एंजिनासोबत त्याची वही असते आणि तीत उड्डाणाचे तास लिहिलेले असतात. ठरलेले तास भरले की एंजिन कितीही गोड चालत असले तरी उतरवायचे, खोलायचे, नेमलेले भाग बदलायचे. कानाचा अधिकार संपून वहीचा अधिकार सुरू झाला तो असा.

परंतु वहीचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही विमानांनीच शिकविले. ब्रिटिश शास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी युद्धकाळात समुद्रावर पहारा करणाऱ्या विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर ५० तासांच्या ठराविक तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत अधिक होतात व पुढे ते कमी होत जातात, असे विलक्षण चित्र दिसले. तपासणीसाठी उघडझाप करतानाच काही बिघाड निर्माण होत होते! युद्धोत्तर बंगळूरनेही आकड्यांची मर्यादा निराळ्या रीतीने दाखविली. कानपुरास टाकून दिलेली लिबरेटर विमाने या कारखान्याने डागडुजी करून पुन्हा उडती केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. पुढे १९७८ साली अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन व हीप या दोघांनी आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. वयाची मर्यादा घालून ज्यांचा फायदा होईल असे भाग, त्यांच्या पाहणीत, शंभरात अवघे ११ निघाले.

तेव्हा वेळापत्रकाचा आग्रह सोडावा काय? टायमिंग बेल्टच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. तो त्या अकरांच्या जातीचा आहे. तो वापराने झिजतो, त्याची झीज बाहेरून कळत नाही, आणि त्याच्या तुटण्याने होणारे नुकसान त्याच्या किमतीच्या अनेक पट असते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आकडा मानणेच शहाणपणाचे. तथापि वॉडिंग्टन यांचा धडाही येथे लागू आहे. पट्टा बसविताना खुणा जुळविण्यात एका दाताची चूक झाली तरी एंजिन बिघडते; म्हणून उगीच घाईने, दर वर्षी, पट्टा बदलणे हीदेखील सुरक्षितता नव्हे.

हा सारा विचार बंगळूरच्या रस्त्यांवर आला तो किर्लोस्कर घराण्याच्या चौथ्या पिढीत. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांच्या सहभागाने जपानची टोयोटा कंपनी येथे आली. म्हैसूर रस्त्यावर बिडदीला कारखाना उभा राहिला आणि जानेवारी २००० मध्ये त्यातून क्वालिस ही गाडी बाहेर पडली. तिच्या डिझेल एंजिनात दातेरी पट्टा होता. शहरात संगणकाच्या कचेऱ्या वाढत होत्या, रात्रपाळीच्या नोकरवर्गाची नेआण करावयाची होती, आणि ते काम क्वालिसने इतके केले की तिचे नाव त्या धंद्याशी जोडले गेले. २००५ साली तिच्या जागी इनोव्हा आली. तिच्याही एंजिनात पट्टा होता. आणि येथे एक सोय होती. ठरलेले किलोमीटर भरले की चालकासमोर पट्ट्याचा दिवा लागतो.

दिवा लागला म्हणजे पट्टा तुटावयास आला, असा अर्थ बरेच जण करतात. तो बरोबर नाही. दिव्याला पट्ट्याची स्थिती ठाऊक नसते. तो केवळ किलोमीटर मोजतो. हजारो गाड्यांपैकी जवळजवळ एकाचाही पट्टा त्याआधी तुटू नये असा बेतून कारखान्याने तो आकडा ठरविलेला असतो. म्हणून उतरविलेला पट्टा हातात घेऊन ‘हा अजून चालला असता’ असे गिऱ्हाईक म्हणते, ते बहुधा खरेच असते. त्याने मोजलेले पैसे रबरासाठी नसतात. कोणता पट्टा दुबळा निघेल हे आधी कळत नाही, त्यासाठी असतात. शिवाय पट्टा न बदलता दिवा मालवून ठेवणेही शक्य असते. जुनी गाडी घेणाराने विझलेल्या दिव्यावर न जाता पावती मागावी, हे बरे.

खरी अडचण पुढेच आहे. विमानाच्या वहीत तास लिहीत, मोटारीच्या पुस्तकात किलोमीटर लिहिले जातात. मोकळ्या रस्त्यावर दोहोंत फारसा विरोध येत नाही. बंगळूरच्या गर्दीत येतो. गाडी सरासरी ताशी ६० किलोमीटर चालली, तर एक लाख किलोमीटरांस सुमारे १,६६७ तास लागतात. ताशी २० ने चालली तर ५,०००. गर्दीत एंजिन संथ फिरते, हे खरे. तरी मोकळ्या रस्त्यावर मिनिटाला १,८०० फेरे आणि शहरात सरासरी १,२०० धरले, तर पहिल्या गाडीचे एंजिन १८ कोटी फेरे करते व दुसरीचे ३६ कोटी. किलोमीटर तेवढेच, पट्ट्याचे श्रम दुप्पट. चाके थांबली तरी पट्टा थांबत नाही. उलट, वर्षानुवर्षे दारात उभ्या असलेल्या गाडीचे रबर किलोमीटर न भरताही म्हातारे होते. म्हणूनच किलोमीटर व वर्षे यांपैकी जे आधी भरेल ते प्रमाण मानावे, असा दंडक पडला. रात्रंदिवस कोंडीत उभ्या राहणाऱ्या टॅक्सीच्या मालकाने आकड्याच्या बरेच आधी पट्टा बदलला, तर तो भित्रा नव्हे. त्याचे गणित पक्के आहे. त्याच वेळी ताण देणारी पुली, तेल गळणारे सील, आणि ज्या एंजिनात पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो तेथे तो पंप, ही पाहून घेण्याची रीत आहे. कारण खर्चात खोलण्याच्या मजुरीचा वाटा मोठा असतो.

२०१६ साली आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेल एंजिनात पट्ट्याच्या जागी पुन्हा साखळी आली, आणि तो दिवाही गेला. साखळी एंजिनाच्या आयुष्याइतकी टिकावी अशी अपेक्षा असते, पण ती स्वच्छ तेलावर जगते. तेव्हा पट्ट्याची तारीख चुकविण्याची सवय असलेल्यांना आता तेलाची तारीख चुकविण्याची संधी मिळाली आहे. विक्रम किर्लोस्कर यांचे २०२२ च्या नोव्हेंबरात निधन झाले, तोवर पट्ट्याच्या नव्या इनोव्हा कारखान्यातून निघणे केव्हाच थांबले होते.

जुन्या गाड्या मात्र धावतच आहेत. असा पट्टा बदलला म्हणजे चांगला कारागीर एंजिनाच्या झाकणाखाली एक लहान चिठ्ठी चिकटवितो. तिच्यावर किलोमीटरचा आकडा आणि शेजारी तारीख असते. तासांसाठी रकाना नसतो.