पांढरींत सांपडलेलें लोखंड

खानदेशांत शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणण्याचा प्रघात जुना आहे. तापी आणि गिरणा यांच्या कांठीं एकाच जागीं शेंकडों वर्षें मातीचीं घरें पडत गेलीं, त्यांवर नवीं उभीं राहिलीं, आणि पांढरीचीं टेकाडें चढत गेलीं. अशा ठिकाणीं घराचा पाया खणतांना एखादें गंजलेलें हत्यार कुदळीला लागावें, यांत नवल नाहीं. खेद इतकाच कीं, तें बहुधा भंगारांत तरी जातें, नाहीं तर दगडावर घासून उजळलें जातें.

हत्यार कोणतें, हें ओळखण्यास पात्यापेक्षां मुठीकडील टोक अधिक उपयोगी पडतें. गंज प्रथम पातळ धार खातो. जाड बूड मागें राहतें. लांकडी मुठींत शिरणारें निमुळतें शेंपूट असल्यास विळा, खुरपें किंवा सुरी; दांडा घालण्याचें नेढें असल्यास कुऱ्हाड किंवा कुदळ. विळ्याची आणि स्वयंपाकघरांतील विळीची गल्लत सहज होते, कारण दोहोंची धार आंतल्या बाकालाच असते. परंतु विळीचें बूड पाटाला जखडण्याजोगें रुंद असतें.

वयाचा प्रश्न मात्र याहून अवघड. विळ्याचा आकार फारसा बदललेला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेल्वे खानदेशांत आली, विलायती लोखंड बाजारांत सुलभ झालें, आणि गांवचा लोहार त्याच लोखंडाचे जुन्या घडणीचे विळे ठोकूं लागला. तेव्हां आकारावरून काळ सांगणारा मनुष्य धीट खरा, विश्वासार्ह नव्हे.

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशें येथें १९५५ सालीं बा. कृ. थापर यांनीं उत्खनन केलें. (हें गांव तेव्हां पश्चिम खानदेशांत होतें, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत आहे.) तेथें सर्वांत खालच्या थरांत तांबें आणि दगडाचीं पातीं, लोखंड नाहीं. त्यावरच्या थरांत काळ्या-तांबड्या खापरांबरोबर लोखंड येतें, आणि पुढें सर्व थरांत येत राहतें. तेथील लोखंडी वस्तूंचा काळ ठरला तो त्यांच्या रूपावरून नव्हे. थरांवरून आणि शेजारच्या खापरांवरून.

उलट उदाहरण प्रवरेकांठच्या दायमाबादचें. १९७४ सालीं तेथें रथ, रेडा, हत्ती व गेंडा अशा चार धातुमूर्ति गांवकऱ्यांस सांपडल्या. वजन साठ किलोंहून अधिक. परंतु त्या शास्त्रीय उत्खननांत निघाल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत वाद झाला. इतक्या मोठ्या ठेव्याची ही गत, तर एका खुरप्याची काय कथा!

म्हणून सांपडल्या जागेची खोली मोजावी, आजूबाजूचीं खापरें, राख व हाडें सोबतच ठेवावीं, आणि माती कोरड्या मऊ कुंचल्यानें झाडावी. आम्ल, चिंच किंवा कानस लावूं नये. कित्येकदां मूळ पृष्ठाची रेषा गंजांतच उरलेली असते. सोबत नाणीं किंवा मौल्यवान् वस्तु निघाल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्यान्वयें जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें भाग आहे. धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभें आहे. जुन्या वस्तूंचा जाणता तेथें भेटण्याचा संभव अधिक.