नेम धरणारा कॅमेरा

कॅमेऱ्याच्या इतिहासावर हमालांच्या संघटनेतल्या माणसाने का बोलावे, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मोंढ्यातल्या ओट्यांवर पुष्कळ झाले. जे वाचले ते कामे उरकल्यावर, मिळेल त्या पुस्तकातून. परंतु यंत्राने ज्याला एकदा तोंडघशी पाडले, त्याला त्या यंत्राच्या पोटात काय आहे हे जाणून घेण्याची जी निकड वाटते ती पंडितांना वाटत नसावी.

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, लातूरच्या मोंढ्यातली. सभासदांच्या वर्गणीतून आम्ही खिशात मावणारा एक डिजिटल कॅमेरा नुकताच घेतला होता. एका गोदामात ट्रक भरताना फळी मधोमध तडकली आणि आमचा एक हमाल पाठीवरच्या पोत्यासकट खाली आला. आम्ही पोहोचलो तेव्हा दोन माणसे ती फळी उचलून मागच्या दाराकडे नेत होती. आम्ही बटण दाबले. भिंग घर्र करून पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. मग एकदाचा आवाज झाला. दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी फळी दाराबाहेर गेली होती. मिळालेल्या चित्रात फळीच्या जागी एक तपकिरी धुरकट पट्टा होता. मागच्या भिंतीवरचे रोज पान फाडायचे कॅलेंडर मात्र लख्ख उमटले होते.

नुकसानभरपाईचा कायदा 1923 पासून होता. पण फळी आधीच सडलेली होती हे दाखवायचे कशाने?

आता थोडे मागे जाऊ. नांदेड-लातूरचा हा मुलूख 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याला हिंदुस्थानातला एक थोर छायाचित्रकार लाभला होता. राजा दीनदयाळ हे मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. 1844 सालचा त्यांचा जन्म, 1905 साली मृत्यू. सहाव्या निजामाने त्यांना पदरी ठेवले. त्यांची वेरूळची आणि हैदराबादच्या दरबाराची चित्रे पुष्कळांना ठाऊक असतात. आम्हांला त्यांच्या स्टुडिओची निराळी चित्रे महत्त्वाची वाटतात : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दुष्काळात औरंगाबाद भागात चाललेल्या सरकारी मदतकार्याची. सरकारचे औदार्य दिसावे म्हणून ती काढविली गेली. परंतु त्यांत भुकेली माणसेही उमटून गेली. त्या काळी नेम धरण्याचे काम माणूस करी. डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवर उलटे चित्र पाहायचे, भिंग हाताने मागेपुढे सरकवायचे, आणि समोरच्याला हलू द्यायचे नाही. काय स्पष्ट दिसावे हे कापडाखालचा माणूस ठरवी.

पुढे स्वस्त कॅमेरे आले तेव्हा नेम धरण्याची भानगडच काढून टाकण्यात आली. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री ज्यांच्या घरी होता त्यांना आठवेल की त्याचे भिंग जवळजवळ एका जागी बसविलेले असे. 1980 नंतर गाजलेल्या हॉट शॉटचेही तेच. काही हातांच्या पलीकडचे सारे बऱ्यापैकी दिसे, फार तीक्ष्ण काहीच दिसत नसे. पण बटण दाबले की चित्र निघे! वाट पाहावी लागत नसे. हा गुण आपण केव्हा गमावला, हे आम्हांला मोंढ्यातल्या त्या दिवशी कळले.

स्वतः नेम धरणारा पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला कॅमेरा जपानच्या कोनिका कंपनीने 1977 साली आणला. त्यातला अंतर ओळखणारा भाग हनीवेल या अमेरिकन कंपनीचा होता. 1985 साली मिनोल्टा 7000 आला आणि धंदेवाईक छायाचित्रकारही त्या विद्येकडे वळले. मग हनीवेलने मिनोल्टावर पेटंटचा दावा लावला आणि 1992 मध्ये मिनोल्टाला 12 कोटी 75 लाख डॉलर मोजून तो मिटवावा लागला. कल्पनेची मालकी एवढी काटेकोर मोजणाऱ्या जगात हमालाच्या कमरेची किंमत ठरविताना मात्र पुराव्यांवर पुरावे मागितले जातात, हे आम्ही जाता जाता नमूद करतो.

आमच्या कॅमेऱ्याची पद्धत निराळी होती. खिशातल्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांना अंतर कळतच नसे. त्यांना कळे ते एवढेच की, शेजारच्या काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढतो आहे की घटतो आहे. रेडिओवर परभणी केंद्र लावताना आपण काय करीत असू? काटा फिरवीत जायचे, आवाज स्वच्छ होत होत पुन्हा खरखरू लागला की आपण पुढे गेलो हे कळे, मग थोडे मागे यायचे. भिंग हेच करते. शिखर ओलांडल्याखेरीज शिखर कोठे होते हे त्याला समजत नाही. गोदामातल्या अंधुक उजेडात तर त्याला खरखरच जास्त ऐकू येते. अशा वेळी पांढऱ्या कागदावरचे काळे ठळक आकडे त्याला सर्वांत सोपे. त्याने कॅलेंडर निवडले ते काही दुष्टाव्याने नव्हे.

कचेरीतला एक तरुण म्हणाला, "दादा, ह्याचं फर्मवेअर बदलून बघू." हा शब्द 1967 साली अ‍ॅशर ऑपलर यांनी काढला, यंत्राचे घट्ट अंग आणि बदलता कार्यक्रम या दोहोंच्या मधली ती चीज. भिंग किती टप्प्यांनी सरकवायचे, प्रत्येक टप्प्यावर किती थांबायचे, हे त्यात लिहिलेले असते. पूर्वी ते कारखान्यातच कायमचे कोरले जाई. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली, आणि विकलेली वस्तू घरी बसून सुधारण्याची वाट मोकळी झाली. याचे उत्तम उदाहरण फुजीफिल्मचे. त्यांचा एक्स 100 हा 2011 चा कॅमेरा नेम धरण्यात मंद म्हणून बदनाम होता. त्याच्या जागी नवा आला, तरीही 2013 च्या ऑक्टोबरात कंपनीने जुन्यासाठी नवे फर्मवेअर फुकट दिले आणि त्याचा वेग वाढला. मोटार तीच, भिंग तेच. हुकूम तेवढे शहाणे झाले.

आम्ही भरलेली बॅटरी घातली, कार्डावर फाईल चढविली आणि मध्येच वीज गेली. कॅमेरा बॅटरीवर होता म्हणून वाचला! फरक पडला तो बेताचाच. खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच युक्तीचा. बटण अर्धे दाबून, हमाल जेथून जाणार त्या जागेवर नेम आधीच धरून ठेवायचा आणि तो आला की उरलेले दाबायचे. ही युक्ती आम्हांला एका लग्नाच्या फोटोवाल्याने शिकविली. त्याचे दुकान पुढे मोबाइलने बसले.

पुढे मजुराचे चित्र हीच त्याची हजेरी झाली. रोजगार हमीची कल्पना 1972 च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात रुजली, 1977 साली तिचा कायदा झाला. देशभरच्या योजनेत 1 जानेवारी 2023 पासून जवळजवळ सर्व कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा मजुरांचे चित्र चढविणे सक्तीचे करण्यात आले. चित्र चढले नाही तर खाडा. उलटपक्षी, चित्राचेच चित्र काढून चढविण्याचे प्रकार होतात, हे केंद्र सरकारलाच 2025 च्या जुलैत परिपत्रकातून सांगावे लागले. दीनदयाळांच्या चित्रांतली माणसे दरबाराच्या कामी आली. इथे मात्र माणसाची मजुरीच चित्रावर टांगलेली.

आमच्या त्या हमालाचे प्रकरण दोन साथीदारांच्या साक्षीवर तडजोडीने मिटले. रक्कम मागितल्याच्या निम्म्याहून कमी होती. समोरच्या वकिलांनी अपघात त्या दिवशी झालाच नाही असा मुद्दा काढला, तेव्हा आमच्या वकिलांनी ते धुरकट चित्र पुढे केले. फळी कोणालाच ओळखू आली नाही. मागची तारीख सर्वांनी वाचली.