सातबाऱ्यावर मालक का नसतो?

गावची जमीन आजोबांच्या नावावर असेल, तर तिचा सातबारा मोबाइलवर उघडून बघा. त्यात 'मालक' असा रकाना सापडणार नाही. तिथे असतो 'भोगवटादार'.

मी सीवूड्समध्ये राहते आणि महसुली कागदांचा इंग्रजी अनुवाद करते. मुलं परदेशी शिकायला निघाली की व्हिसाच्या फायलीला वडिलांचा सातबारा जोडतात. भोगवटादाराला इंग्रजीत 'ऑक्युपंट' म्हणायचं, हे कायद्यानंच ठरवलंय. पण तिकडचा अधिकारी त्याचा अर्थ 'जागेत राहणारा, कदाचित भाडेकरू' असा घेऊ शकतो. पिढीजात जमीन एका शब्दात उसनी होते.

हा शब्द आला कुठून?

1818 मध्ये पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. तेव्हा देशावर दोन तऱ्हेचे शेतकरी होते: मिरासदार आणि उपरी. मिरास म्हणजे वारसा. शब्द मूळचा अरबी. मिरासदार सारा भरायचा, पण जमीन वंशपरंपरेनं त्याची. तो ती विकूही शकायचा. उपरी मात्र बाहेरून येऊन करारानं कसणारा. बऱ्याच रयतेला एल्फिन्स्टननं जमिनीचे मालकच म्हटलं.

हा अनुवाद सरकारला अडचणीचा होता. शेतकरी मालक, तर सारा ठरवणारं सरकार कोण?

1835 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर, त्यावर 30 वर्षांसाठी ठरलेला आकार. आकार भरेल त्याच्याकडे जमीन राहील. मिरासदार आणि उपरी एकाच रांगेत आले. उपऱ्याला आधार मिळाला, मिरासदाराचं वेगळेपण गेलं. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात या दोघांसाठी 'ऑक्युपंट' हा शब्द पक्का झाला. मराठीत तोच भोगवटादार. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंही तो ठेवला आणि त्याचे वर्ग केले. वर्ग 1 ची जमीन सहसा मोकळेपणानं विकता येते. वर्ग 2 ला परवानगी लागते. अनुवादात हा '1' किंवा '2' सुटला, तर जमिनीची किंमतच बदलते.

आमच्या भागात अशा शब्दांचं मोल लोकांनी रक्तानं मोजलंय. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडातल्या गावांची जमीन संपादित होऊ लागली. शेतकरी 'प्रकल्पग्रस्त' झाले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जानेवारी 1984 मध्ये आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण गेले. 'साडेबारा टक्के' हा इथला शब्द त्याच लढ्यातून आला: गेलेल्या जमिनीच्या प्रमाणात परत मिळणारा विकसित भूखंड. इंग्रजीत नुसता आकडा लिहिला तर तो व्याजदर वाटेल.

आणि फ्लॅटवाल्यांचं 'भोगवटा प्रमाणपत्र'? त्याचा अर्थ इमारत राहण्याजोगी आहे, एवढाच. जमिनीच्या हक्काबद्दल ते काही सांगत नाही. सिडकोचे भूखंड तर साधारणपणे 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेले.

1855 मध्ये विल्सननं हिंदुस्थानातल्या न्याय-महसुली शब्दांचा मोठा कोश छापला. मिरास, वतन, इनाम असे शब्द त्यानं रोमन लिपीत तसेच ठेवून खाली अर्थ उलगडला. मीही तेच करते. भोगवटादार तसाच ठेवते, शेजारी 'ऑक्युपंट, वर्ग 1' लिहिते आणि खाली एक ओळ जोडते: हा हक्क वारसानं मिळतो, हस्तांतरित करता येतो, धारक भाडेकरू नाही.