इंजिन सुरू, पण बोट जागेवरच! जुन्या आउटबोर्ड मोटरचं लोअर युनिट दुरुस्त करायचं की बदलायचं?

छोट्या होडीच्या मागे लटकणारी मोटर म्हणजे आउटबोर्ड. तिचा पाण्यात बुडलेला खालचा भाग म्हणजे लोअर युनिट. इंजिनाची ताकद उभ्या शाफ्टवरून खाली येते, गिअरमधून आडवी वळते आणि पंखा फिरवते. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही इथेच असतो. त्यामुळे हा भाग भर समुद्रात बिघडला, तर इंजिन ठणठणीत असूनही होडी वाऱ्यावर.

आधी स्वस्तातलं कारण बघा

गिअर टाकला, इंजिन ओरडतंय, पण होडी हलत नाही? लगेच युनिट बदलायला धावू नका. जुन्या छोट्या मोटरमध्ये पंख्याची शिअर पिन तुटलेली असू शकते. पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावेत, म्हणून ती मुद्दाम मऊ धातूची असते. नंतरच्या अनेक मोटरमध्ये पिनऐवजी पंख्याच्या आत रबरी बुश असतो, तो घसरायला लागतो. दोन्ही कामं किरकोळ आहेत.

तेल काय सांगतं?

मोटर रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी खालचा स्क्रू हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आधी तेच बाहेर येतं. तेल दुधाळ असेल, तर ऑइल सील गेलंय. बऱ्याचदा पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागा सील कापतो.

स्क्रूला बारीक करडा लगदा लागला तर ती नेहमीची झीज. धातूचे तुकडे निघाले, तर गिअर किंवा बेअरिंग तुटलंय.

दुरुस्ती कधी, बदली कधी?

फक्त सील गेलं असेल तर दुरुस्ती परवडते. नवीन सील बसवल्यावर हवेचा दाब देऊन गळती तपासून घ्या. गिअरचे दात तुटले असतील, तर खर्च वाढतो. नवे गिअर बारीक चकत्या लावून अचूक अंतरावर बसवावे लागतात, ते जाणकाराचंच काम. केसिंगला तडा गेला असेल किंवा खाऱ्या पाण्याने बेअरिंगची जागा खाल्ली असेल, तर सरळ युनिट बदला.

जुनं युनिट घेताना

मॉडेल, वर्ष, शाफ्टची लांबी आणि गिअर रेशो जुळायलाच हवा. रेशो चुकला, तर इंजिनावर ताण येतो किंवा ते गरजेपेक्षा जास्त फिरतं. पैसे देण्याआधी तेलाचा स्क्रू उघडून बघा.

बसवताना काय विसरू नये?

- आधी स्पार्क प्लगच्या वायर काढा. पंखा हाताने फिरवताना इंजिन सुरू झालं, तर बोटं जातील.
- गिअर रॉडची जोडणी सोडल्याशिवाय युनिट ओढू नका. अनेक मॉडेलमध्ये एक बोल्ट पंख्यावरच्या छोट्या पात्याखाली लपलेला असतो.
- युनिट खाली उतरलंच आहे, तर पंपाचा इम्पेलरही नवा टाका.
- शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावा, वरच्या टोकाला नको.
- तेल खालच्या भोकातून भरा. वरच्या भोकातून आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वॉशर नवे वापरा.

शेवटी मोटर पाण्यातच सुरू करा. कोरडी चालवली तर इम्पेलर काही क्षणांत जळतो. मागून पाण्याची धार आली आणि दोन्ही गिअर नीट पडले, तरच होडी किनाऱ्यापासून लांब न्या. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तेल पुन्हा तपासा. ते दुधाळ दिसलं, तर सील अजूनही गळतंय.