तळटीप : गुण = गुण + ५

* बीजगणितात ‘चल’ शिकून आलेला विद्यार्थी या ओळीपाशी हमखास अडतो, आणि त्याचं अडणं रास्तच आहे. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा पाचने मोठी कशी असेल?

गोंधळ चिन्हाचा आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली ‘=’ वापरलं ते समानता दाखवायला. १९५७ च्या फोरट्रान या संगणकभाषेने तेच चिन्ह ‘उजवीकडचं मोजा, डावीकडच्या नावाला द्या’ या आज्ञेसाठी घेतलं. अल्गोलने त्यासाठी ‘:=’ असं वेगळं चिन्ह निवडलं होतं; खरं तर तेच रुजायला हवं होतं. सी, जावा, पायथन मात्र फोरट्रानच्या वाटेने गेल्या.

म्हणून ही ओळ उजवीकडून वाचावी. गुण ३० असतील, तर आधी ३५ ही बेरीज होते, मग ‘गुण’ हे नाव तिला मिळतं.

चल म्हणजे डबा, ही नेहमीची उपमा पायथनमध्ये फसते. ‘यादी = [१, २]’ आणि ‘प्रत = यादी’ असं लिहून नंतर प्रतीत ३ वाढवला, तर तो यादीतही दिसतो. वस्तू एकच, तिला चिकटवलेल्या चिठ्ठ्या दोन. (पायथन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरोखर चालतात, आकडे मात्र इंग्रजीच टंकावे लागतात.) — संपादक