राम कोणत्या भाषेत बोलतो?

गेल्या वर्षी मे महिन्यात सांगलीच्या घरी एक मजेदार पेच पडला. भाऊ-वहिनी सुट्टीला आयर्लंडहून आले होते, मी साताऱ्याहून गेले होते. बाहेर रणरणतं ऊन, आमरसामुळे सगळे सुस्तावलेले. ठरलं की आपल्या लहानपणचं ते जपानी रामायण बघायचं. इथपर्यंत एकमत. पण कुठल्या भाषेतलं? आठ वर्षांची भाची म्हणाली इंग्लिश. आई म्हणाली हिंदी. कारण दोघींचं एकच... "मला दुसरं कळत नाही."

आता या दोघींची गंमत अशी की भाचीला मराठी थोडं समजतं, बोलता येत नाही, आणि आईला इंग्रजीचा गंध नाही. फोनवर "जेवलीस का?" आणि "येस आजी" याच्यापुढे गाडी जात नाही. त्यामुळे वाद सिनेमाचा असला तरी मला जरा पोटात तुटल्यासारखं झालं.

मी तडजोड म्हणून म्हटलं, "जे मूळ आहे ते लावू." आणि इथेच फसले. कारण या सिनेमाचं मूळ कुठलं, हाच मोठा घोळ आहे.

युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ साली रामायणकालीन अवशेषांच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामायणाच्या प्रेमातच पडले. पुढे त्यांनी कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांच्यासोबत 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' हा ॲनिमेशनपट केला. १९९२ साली तो पूर्ण झाला. जपानी चित्रकारांना धोतर कसं नेसतात, मोठ्यांच्या पाया कसं पडतात, इथपासून भारतीय मंडळींनी समजावून सांगितलं. संगीत वनराज भाटियांचं. आणि मूळ ध्वनिमुद्रण? जपानी नाही, हिंदी नाही. इंग्रजी! त्यात गाणी संस्कृत. म्हणजे कथा आपली, चित्रं जपानी, बोलणं इंग्रजी आणि गाणं देवभाषेत.

हिंदी आवृत्ती नंतर आली. त्यात रामाला आवाज अरुण गोविल यांचा, रावणाला अमरीश पुरींचा, निवेदन शत्रुघ्न सिन्हांचं. आमच्या पिढीने कार्टून नेटवर्कवर पाहिली ती हीच. अमेरिकेसाठी तर कापून छोटी केलेली आणखी एक आवृत्ती निघाली, तिचं निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांनी केलं. हो, तेच, 'स्टार वॉर्स'च्या डार्थ व्हेडरचा आवाज! २४ जानेवारी २०२५ ला सिनेमा नव्याने थिएटरांत आला, तेव्हा इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ आणि तेलुगू होतं. हिंदीतले आवाज मात्र नवे. मराठी नव्हतंच.

मी इंग्रजी आणि जुनं हिंदी दोन्ही लागोपाठ पाहिलंय. सगळ्यात मोठा फरक आवाजांचा नाही, सर्वनामांचा आहे. इंग्रजीत सगळेच एकमेकांना 'यू'. राम रावणाला 'यू', लक्ष्मण रामाला 'यू', कैकेयी दशरथाला 'यू'. हिंदीत आलं की लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावंच लागतं, आप, तुम की तू. म्हणजे नातं, वय, राग, मान हे सगळं आपसूक आत येतं. इंग्रजीतला राम म्हणून एखाद्या गोष्टीतल्या शूर राजपुत्रासारखा वाटतो आणि हिंदीतला घरातला थोरला मुलगा वाटतो. त्यातून १९८७-८८ च्या दूरदर्शनवरच्या रामाचाच आवाज! चित्र जपानी असलं तरी आवाज ऐकला की हात आपोआप जोडले जायचे. आमची आजी तर टीव्हीवर कार्टून चालू आहे हे विसरून चप्पल बाहेर काढून यायची.

उलट बाजूही आहे बरं का. तोंडाच्या हालचाली इंग्रजी वाक्यांच्या लांबीने बेतलेल्या. हिंदी तेवढ्यात बसवायचं म्हणजे कुठे शब्द कोंबावे लागतात, कुठे ताणावे लागतात. आणि मूळ संस्कृत गाण्यांत जे एक दुरून आल्यासारखं गांभीर्य आहे, ते हिंदी गाण्यांत घरगुती होऊन जातं. मला दोन्ही आवडतात, पण दोन वेगळे सिनेमे म्हणून.

'मूळ' या शब्दाचा हट्ट निदान सांगलीकरांनी तरी धरू नये, असं मला हल्ली वाटतं. १८४२ साली उत्तर कानडातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीत आली आणि त्यांनी आपले खेळ केले. राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना वाटलं, असं आपल्या भाषेत का नको? काम दिलं विष्णुदास भाव्यांना. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' झालं, आणि तोच दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. म्हणजे मराठी नाटकाची सुरुवातच मुळी दुसऱ्या भाषेतलं बघून, आपल्या भाषेत करून झाली. विषय पुन्हा रामायणच!

त्या नाटकांची रीतही बघा. पदं सगळी सूत्रधार म्हणणार, पात्रं त्यावर हावभाव करणार, गद्य बोलणं ज्याने त्याने ऐनवेळी जमवायचं. तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा. डबिंग म्हणजे तरी वेगळं काय असतं? याच भाव्यांनी पुढे मुंबईत 'राजा गोपीचंद' हिंदीत केलं. एकदा सवय लागली की लागली.

प्रभातने तर बोलपटाच्या सुरुवातीला सगळा खटाटोपच दोनदा केला. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित झाला, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे दोन्हींत. यातलं डब कुठलं म्हणायचं? कुठलंच नाही.

आणि आमचे गदिमा. माडगूळ म्हणजे आटपाडीकडचं, तेव्हाच्या औंध संस्थानाचा मुलूख. पुढे १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं सांगली झालं, त्यामुळे गदिमा सातारचे की सांगलीचे हा वाद आमच्या घरात कायमचा आहे. असो. त्यांचं गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, गीतं ५६. पुढे ते कितीतरी भाषांत गेलं, तेही बाबूजींच्या मूळ चाली ठेवून! चाल तीच, शब्द दुसरे. ते ऐकणाऱ्या कानडी माणसाला काही आपण उसनं ऐकतोय असं वाटत नसणार.

तर त्या दुपारी शेवटी इंग्रजी लावलं, पाहुणीचा मान म्हणून. पाच मिनिटांत आईने आवाज कमी करायला लावला आणि स्वतःच सुरू झाली. "हा लक्ष्मण बरं का. तो म्हणतोय, दादा, तुम्ही एकटे जायचं नाही, मीही येणार." लक्ष्मणाने 'दादा, तुम्ही' म्हणावं हे तिचं तिनेच ठरवलेलं. इंग्रजीतलं अक्षर न कळता तिचं सगळं बिनचूक चाललं होतं, कारण गोष्ट पाठ होती. मध्येच भाची तिला दुरुस्त करायची, "नो आजी, ही इज अँग्री नाऊ." आई म्हणायची, "तेच म्हणतेय मी, चिडलाय तो."

फक्त राम अयोध्या सोडून निघतो तिथे आई थांबली. काहीच बोलली नाही. भाचीने विचारलं, "आजी, व्हॉट इज ही सेइंग?" आई पडद्याकडे बघत राहिली. भाऊ उठून पाणी आणायला गेला, तो बराच वेळ आला नाही. परतीची तिकिटं पुढच्या मंगळवारची होती.

मग आईनेच पदर सारखा केला आणि म्हणाली, "तो म्हणतोय, मी परत येईन." सिनेमात नेमकं तेव्हा तसं वाक्य आहे का, हे मी मुद्दाम पुन्हा पाहिलं नाही.

सिनेमा त्या दिवशी अर्धाच झाला, कारण लाइट गेले. राहिलेला भाग आई आता दर रविवारी फोनवर सांगते, चित्राशिवाय. गेल्या रविवारी समुद्रापाशी आली होती. पलीकडून आवाज आला, "आजी, पुढे?"

मराठीत.