समुद्राची पातळी आणि तिचा हिशेब

इ. स. १८१९ च्या भूकंपांत कच्छच्या रणांतील सिंद्रीचा मुलूख पाण्याखालीं गेला व त्याच्या उत्तरेस लांबच लांब बांध वर आला. लोकांनीं त्यास ‘अल्लाबंद’ म्हटलें. त्या किनाऱ्यावर जमीन हलते कीं समुद्र, हें ठरविण्यासाठीं सर्वेक्षण खात्याचे बेअर्ड यांनीं १८७३ नंतर कच्छच्या आखातांत भरतीमापक यंत्रें बसविलीं. विहिरीसारख्या नळांत तरंगणारा डबा, त्यास जोडलेली पेन्सिल, आणि घड्याळाच्या गतीनें फिरणारें कागद गुंडाळलेलें नळकांडें, एवढाच त्या यंत्राचा संसार. मुंबईस अपोलो बंदराची नोंद १८७८ पासून मिळते.

पण असें यंत्र धक्क्याला जखडलेलें. धक्का बोटभर खचला कीं कागदावर समुद्र बोटभर चढलेला दिसतो! शिवाय खुल्या महासागराविषयीं तें मुकेंच. १९९२ मध्यें अमेरिका व फ्रान्स यांनीं ‘टोपेक्स-पोसायडन’ उपग्रह सोडला. सुमारें १३३६ किलोमीटर उंचीवरून रडारची लहर पाण्यावर आपटून परतण्यास लागणारा वेळ मोजून तो पृष्ठाची उंची सांगे. मात्र पाणी तापून फुगलें कीं बर्फ वितळून वाढलें, हें उंचीवरून कळत नाहीं. त्यासाठीं पुढें दोन हजार मीटर खोलीपर्यंत तापमान व क्षार मोजणारे ‘आर्गो’ तरंगक आले आणि २००२ मध्यें पाण्याचें वजन गुरुत्वाकर्षणावरून जोखणारे ‘ग्रेस’ उपग्रह.

इतक्या निरनिराळ्या साक्षी जुळवावयाच्या कशा? १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कार्ल वुन्श, डेटलेफ स्टामर प्रभृतींनीं ‘एको’ हा उपक्रम उभा केला. समुद्राचे लहान लहान भाग कल्पून गति, उष्णता व क्षार यांच्या नियमांनीं संगणक वर्षानुवर्षांचा प्रवाह काढतो. उत्तर व प्रत्यक्ष मोजमाप यांतील फरक काळांत मागें नेऊन आरंभींची स्थिति, वारा व उष्णता किंचित् दुरुस्त करावयाची, आणि पुन्हा आरंभापासून गणित! वाटेंतच मोजलेले आंकडे घुसविणें सोपें खरें. परंतु तशानें उष्णता कोठूनही उपजते व कोठेंही नाहींशी होते. जमाखर्चांत खोटी रक्कम न घालतां ताळेबंद जुळवावा, तसा हा कारभार. वेळ फार खातो, पण पातळी कोणत्या कारणानें बदलली हें विचारतां येतें.

या गणितांतही एक व्यंग असतें. अशा पुष्कळ प्रतिमानांत पाण्याचें आकारमान स्थिर धरलेलें असतें, म्हणून तापल्यानें होणारी सबंध समुद्राची सरासरी वाढ मागाहून निराळी मिळवावी लागते. १९९३ पासूनच्या उपग्रहनोंदींत ही सरासरी दहा सेंटिमीटरांहून अधिक चढलेली दिसते. सर्वत्र मात्र सारखी नाहीं. मुंबईचा जुना कागद या हिशेबांत धरावयाचा तर अपोलो बंदराखालची जमीन किती हलली, हें आधीं वजा करावें लागतें. बेअर्ड यांचा कच्छमधील प्रश्न तोच होता.